रेघ धरून की सोडून

थोरला : बाई, ह्यांना सांगा, मशीनवर असा हात ठेवून उभं राहू नये. पाठ थोपटायला ती काही म्हैस नाही.

धाकटा : बाई, त्यांना सांगा, मशीन बंद आहे. वायरसुद्धा लावलेली नाही.

बाई : मी कशाला सांगू? तुम्ही दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे आहात. मी इथे काउंटरच्या मागे. जवळचा रस्ता सोडून लांबून कशाला जाताय?

थोरला : आम्ही बोलत नाही.

बाई : ते तुम्ही आल्यापासून बघतेय. मला वाटलं, कोणाचा तरी घसा बसलाय.

धाकटा : दोन महिने झाले.

थोरला : दोन महिने, चार दिवस.

बाई : सख्खे भाऊ ना?

धाकटा : सख्खे. कारखाना एक, घर एक. जेवायलासुद्धा शेजारी शेजारी बसतो.

बाई : आणि मीठ पलीकडे असलं तर?

धाकटा : आईला सांगतो. आई उठते, त्यांच्या पुढ्यातलं मीठ उचलते आणि माझ्या पुढ्यात ठेवते.

बाई : तरीच. सकाळी शटर अर्धं वर केलं नाही तोच तुमच्या आईचा फोन. म्हणाल्या, माझे दोन मुलगे सुतारकामाचं मशीन बघायला येतील. दोघं आले तरच दाखवा, एकटा आला तर परत पाठवा. मशीन कुठलं द्यायचं ते तुम्ही बघा, मला त्यातलं काही कळत नाही. पण पोरं एकमेकांशी एक शब्द जरी बोलली, तर मला तेवढा फोन करा. मी म्हटलं, आजी, मी मशीन विकते, ह्याची गॅरंटी आमच्याकडे नसते. नंबर मात्र लिहून ठेवलाय.

थोरला : आईला काही उद्योग नाही.

धाकटा : बाई, त्यांना विचारा, हा उद्योग आईला लावला कोणी?

बाई : नाही विचारत. दोघांचेही कान चांगले आहेत. कामाचं बोला. आत्ता लाकूड कशाने रंधता?

थोरला : हाताच्या रंध्याने. वडील वापरायचे तोच आहे अजून. दिवसाला चार फळ्या सरळ केल्या की संध्याकाळी खांदा बोलायला लागतो.

धाकटा : खांद्याशी तरी बोलणं आहे, एवढं समाधान.

थोरला : जास्त काम असलं तर लाकूड मिलवर नेतो. तिथला माणूस सकाळी या म्हणतो. सकाळी गेलं की संध्याकाळी या म्हणतो. आपला नंबर लागेपर्यंत फळी आहे तिथे पुन्हा वाकते.

धाकटा : आणि घेऊन गेलो तीच फळी परत आणली, ह्याचीही काही खात्री नाही.

बाई : बघा, ह्या एका गोष्टीवर दोघांचं पटलं. मिलवाल्याला एकदा पेढे— जाऊ दे. तर हवंय काय तुम्हाला?

थोरला : दोन मशीन. एक रंध्याचं, फळीची एक बाजू आणि कड सरळ करून देणारं. दुसरं जाडीचं, फळी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एका जाडीची करणारं. सुटी सुटी.

धाकटा : एक मशीन. जोडमशीन. वरच्या पानावर, म्हणजे सपाट पाटावर, रंधा; खालच्या पोटात जाडी. मी मघाशी हात ठेवला होता ते.

बाई : एक म्हणतो दोन, दुसरा म्हणतो एक. म्हणजे दीड घेऊन जा. थोरले, तुम्हाला दोन का?

थोरला : जे सगळं करतं ते काहीच धड करत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

धाकटा : बाई, त्यांना विचारा, ठेवणार कुठे? आमचा कारखाना वीस फूट लांब, अकरा रुंद. त्यात करवतीचं मशीन, भोकं पाडायचं मशीन, दोन बाकं. आणि उरलेल्या जागेत त्यांचा डोंगर.

बाई : कसला डोंगर?

धाकटा : लाकडाचा. पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून ठेवलेला. वीतभर तुकडा का असेना, टाकायचा नाही. तो डोंगर आता माझ्या बाकावर चढलाय. तिघांच्या बाकड्यावर चौथा टेकतो ना, तसा मी माझ्याच बाकाच्या कडेला काम करतो.

थोरला : सांगा त्यांना, ह्याच डोंगरातून गेल्या वर्षी टेबलाचे सहा पाय निघाले.

धाकटा : टेबलाला चार लागतात.

बाई : ऐका आता माझं. हे दारापाशी छोटं आहे ते बघा. टेबलावर मांडायचं, नुसतं जाडीचं.

थोरला : हे खेळणं झालं.

धाकटा : खेळणंच आहे. दणकट फळी घातली तर फळी राहील आणि मशीन पुढे जाईल.

बाई : पुन्हा पटलं. आता हे मधलं. पत्र्याची पानं, वजनाला हलकं, चाकांवर फिरतं. जागा कमी असलेले लोक हे नेतात. आणि हे तुमच्या धाकट्यांचं. ह्याची पानं बीडाची. बीड म्हणजे ओतीव लोखंड, वर्षानुवर्षं वाकत नाही. ह्याला मोटर एक, पात्यांचा रूळ एक. रंधा झाला की वरची दोन पानं अशी उभी करायची, भुश्याचं तोंड फिरवायचं, खालचं पान ह्या चाकाने वर आणायचं. झालं जाडीचं मशीन.

थोरला : बाई, ह्या उलथापालथीला वेळ किती?

धाकटा : बाई, त्यांना सांगा, दोन मिनिटं.

थोरला : मी बाईंना विचारलंय.

बाई : दोन मिनिटं. नवीन माणसाला चार.

थोरला : आणि एक जण रंधत असला, तर दुसऱ्याने काय करायचं? त्याचं तोंड बघत बसायचं?

धाकटा : सध्या तेही बघत नाहीत.

बाई : एक विचारू? रागावू नका. अठरा वर्षं मी ह्या दुकानात आहे. वडिलांच्या कारखान्यातले दोघं भाऊ येतात, आणि मोठा म्हणतो जोडमशीन नको, सुटी दोन द्या. मी काय ते समजते. सुटी मशीन वाटून घेता येतात. जोडमशीनची वाटणी होत नाही, त्याला मधून करवत लागत नाही. तुम्ही वेगळे निघताय का?

थोरला : ते त्यांना विचारा.

धाकटा : मला काय विचारायचं? दोन मशीन कोण मागतंय?

बाई : म्हणजे थोरल्यांना वेगळं व्हायचंय.

थोरला : मी असं म्हटलेलं नाही.

धाकटा : म्हणायला कशाला पाहिजे? बाई, वडील गेले तेव्हा मला मिसरूड फुटत होतं. तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली आहे. मधली दोन वर्षं बाहेर काम केलं, तीही त्यांनीच पाठवलं म्हणून. नको झालो असेन तर तोंडाने सांगावं, मी ऐकून घेईन. त्यासाठी मशीन कशाला विकत घ्यायचं?

थोरला : बाई, पाणी मिळेल का?

बाई : त्या माठातलं घ्या. दोघंही घ्या, पेले दोन आहेत, वाटणी करायची गरज नाही. आणि मला आता हे सांगा, बिनसलं कशावरून?

थोरला : रेघेवरून.

बाई : कुठल्या रेघेवरून?

थोरला : पेन्सिलच्या. हे बघा बाई, लाकडावर माप घ्यायचं, गुण्या लावून काटकोन बघायचा, रेघ ओढायची आणि कापायचं. वडिलांची शिकवण अशी, की कापून झाल्यावर रेघ लाकडावर दिसली पाहिजे. रेघ ठेवून कापायचं. मग रंध्याने हळूहळू रेघेपर्यंत यायचं. रेघ म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्द.

धाकटा : मी ज्या मोठ्या कारखान्यात दोन वर्षं होतो, तिथे रेघ खाऊन कापतात. रेघेसकट जायचं. दोन्ही पद्धती बरोबर आहेत बाई, कुठली ते आधी ठरवून घ्यायचं असतं एवढंच. पण त्यांची रेघ तरी कशी? ती सुतारी पेन्सिल, चपटी, जाड. वर्षातून एकदा टोक काढणार, तेही पटाशीने. ती रेघ नाही, गल्ली आहे. तिच्यातून सायकल जाईल.

बाई : मग?

थोरला : एका घरचं स्वयंपाकघराचं कपाट होतं. दारं आठ. आखणी माझी, कापणी ह्यांची.

बाई : आणि ह्यांनी रेघा खाल्ल्या.

थोरला : आठ दारं, एकेका दाराच्या दोन्ही अंगाला. सोळा रेघा. सगळ्या पचवल्या. दारं लावली तर दोन दारांच्या मध्ये फट. त्या घरचं मांजर रोज तिथे बसायचं आणि बाहेरूनच आतलं दुधाचं भांडं बघायचं.

धाकटा : फट होती. मी नाही म्हणत नाही. पण त्या घरच्या पाच माणसांसमोर ते म्हणाले, ह्याला रेघ दिसत नाही. मी म्हटलं, दिसते की, रस्त्याच्या पलीकडून दिसते. बस. तिथून सामान उचललं ते दोन वाटांनी घरी आलो.

बाई : आणि दारं?

धाकटा : नवीन करून दिली. एक शब्द न बोलता.

बाई : मापं कशी सांगितलीत मग?

थोरला : लिहून.

धाकटा : लाकडावर. तुकडा घ्यायचा, पेन्सिलने लिहायचं, दुसऱ्याच्या बाकावर ठेवायचा. 'वीस इंच, सहा नग.' तो उलट्या बाजूला उत्तर लिहिणार. 'मिळाले. करतो.'

थोरला : पहिले आठ दिवस मापंच होती.

धाकटा : मग त्यांच्या लेखणीला पाय फुटले. 'वीस इंच, सहा नग. डोळे उघडे ठेवून.'

थोरला : बाई, त्यांनी त्याच्या मागे काय लिहिलं ते विचारा. नाही, मीच सांगतो. आमच्याकडे लाकूड टाकत नाहीत. लिहिलेलं असलं तरी कुठेतरी लागतंच. एका शाळेतल्या मास्तरांना लिहायचं टेबल करून दिलं. त्याच्या खणाच्या तळाला जी फळी लागली, तिच्यावर ह्यांचं अक्षर राहून गेलं.

बाई : काय होतं?

धाकटा : 'म्हातारपणी तरी अक्कल येते म्हणतात. वाट बघतोय.'

बाई : अरे देवा. आणि मास्तर?

थोरला : त्याच आठवड्यात निवृत्त झाले. ते टेबल शाळेने त्यांना निरोपाची भेट म्हणून दिलेलं. त्यांनी समारंभातच खण उघडून बघितला.

बाई : थांबा जरा. डोळे पुसू दे.

धाकटा : हसण्यासारखं नाही ते बाई. मी त्यांच्या घरी जाऊन पाया पडून आलो. खण बदलून दिला. त्यानंतर मी ठरवलं, ह्यांच्या फळ्या वाचायच्याच नाहीत. बाकावर आली की उलटी करून ठेवतो. माप लागलं तर स्वतः जाऊन मोजतो.

थोरला : बाई, त्यांना विचारा, कधीपासून?

बाई : काय कधीपासून?

थोरला : फळ्या वाचत नाहीत ते कधीपासून?

धाकटा : झाले पंधरा दिवस.

थोरला : पंधरा.

बाई : काय झालं? चेहरा का उतरला?

थोरला : काही नाही. बाई, आज राहू दे. आम्ही उद्या येतो.

बाई : उद्या कशाला? घरची फळी आणायला सांगितली होती मी आजींना. आमच्याकडच्या फळीवर जाऊ नका. ती शिकलेली असते, कुठल्याही मशीनमधून गुळगुळीत निघते. आणलीत का?

धाकटा : आणलीय. मी टेम्पोतून घेऊन आलो, ते सायकलवरून आले. ही बघा. सात फुटी, पीळ पडलेली. माझ्या बाकावर आठवडाभर आडवी पडली होती, म्हटलं मशीनची परीक्षा घ्यायला हीच बरी.

थोरला : ही नको.

धाकटा : बाई, विचारा, का नको? ह्याच्यापेक्षा वाकडी दुसरी नाही आमच्याकडे.

थोरला : ती दुसऱ्या कामाला ठेवलीय. उद्या मी दुसरी आणतो.

बाई : जरा उलटी करा बघू. कोपऱ्यात पेन्सिल दिसतेय. हो की. पूर्ण बाजू भरलीय. हे माप नाही वाटत.

थोरला : वाचू नका बाई.

धाकटा : वाचा.

बाई : एकाच दुकानात दोन मालक. अक्षर जाड आहे, पेन्सिलला टोक नाही, म्हणजे थोरल्यांचं. पहिल्या कोपऱ्यात 'छोट्या'. छोट्या कोण?

धाकटा : मी.

बाई : 'छोट्या, तू हमरस्त्यावर गाळा बघून आलास असं घरी कळलं. वेगळं निघायचं ठरवलं असलंस तर मी आडवा येणार नाही. पण रिकाम्या हाताने जाऊ नकोस. मशीन एकाऐवजी दोन घेऊ. रंध्याचं तू ने, ते जड असतं आणि जन्मभर टिकतं. जाडीचं मला पुरे. पटत नसेल तर ह्याच फळीच्या मागे लिही. काही लिहिलं नाहीस तर मी होकार धरीन.' आणि पार शेवटच्या कोपऱ्यात, 'दादा'.

धाकटा : मागे काय आहे?

बाई : मागची बाजू कोरी आहे.

थोरला : आठ दिवस रोज सकाळी बघत होतो. ह्याच्या आधी जायचो कारखान्यात. फळी पालथी दिसायची. म्हटलं, वाचून पालथी ठेवली आणि उत्तर द्यावंसं वाटलं नाही. आठ दिवस जेवण गोड लागलं नाही मला, बाई.

धाकटा : मी वाचलीच नव्हती.

बाई : हे मला सांगताय की त्यांना?

धाकटा : तुम्हालाच. गाळा बघायला गेलो होतो, खोटं नाही. पण तो माझ्यासाठी नाही, त्यांच्या डोंगरासाठी. डोंगर तिकडे हलवला की कारखान्यात एका मशीनपुरती जागा होते. एकाच. टेप घेऊन मोजून आलोय मी. मला वेगळं निघायचं असतं तर जोडमशीनचा हट्ट कशाला धरला असता?

थोरला : माझी लाकडं हलवणार होता?

धाकटा : विचारल्याशिवाय नाही. पण विचारायचं कसं? 'लाकूड हलवू का' असं लाकडावर लिहून ठेवलं असतं, तर त्यांनी तेही लाकूड डोंगरावर ठेवलं असतं.

बाई : थोरले, वेगळं निघायची बातमी तुमच्यापर्यंत आणली कोणी?

थोरला : आमच्या बायकोने. तिला जावेने सांगितलं. जावा-जावांचं बोलणं चालू आहे ना, त्यामुळे बातमी लवकर येते. फक्त अर्धी येते.

बाई : आणि ती अर्धी बातमी घेऊन तुम्ही धाकट्याला मशीन द्यायला निघालात. चांगलं तेच.

थोरला : दुसरं काय करणार? वडिलांनी जाताना घर, आई, रंधा आणि हा एवढंच माझ्या हवाली केलं. ह्याचा हात हातात धरून मी रंधा शिकवलाय. पहिल्या दिवशी ह्याने रंध्याबरोबर अंगठ्याची साल काढली आणि आईला कळू नये म्हणून दिवसभर मूठ मिटून बसला होता. हा गेला असता तर त्याच्या बाकावर मी लाकूडच रचलं असतं, बाई. रिकामं बाक मला बघवलं नसतं.

धाकटा : आताही रचलंच आहे की.

बाई : तुम्ही गप्प बसा. चांगलं बोलतायत ते.

थोरला : झालं. एवढंच.

बाई : मग आता माझं एक ऐका. मशीन दोन की एक, ते मी सांगणार नाही. चालवून बघा. जोडमशीनच लावते. कोरी बाजू आधी वरच्या रंध्यावर सरळ करा. मग तशीच, लिहिलेली बाजू वर ठेवून, खाली जाडीत. फळी सात फुटी आहे, एकट्याचं काम नाही. थोरल्यांनी इकडून सारायची, धाकट्यांनी पलीकडून झेलायची. टोक लोंबकळलं तर मशीन शेवटाला चावा घेतं, तिथे खड्डा पडतो.

थोरला : बाई, मग ह्यांना सांगा, झेलताना—

बाई : मी काही सांगणार नाही. मी आता स्विचपाशी उभी राहणार. मशीन चालू असताना स्विचवरच्या माणसाने बोलायचं नसतं, दुकानाचा नियम आहे.

धाकटा : हा नियम कधीपासून?

बाई : आत्तापासून. ह्या मशीनचा आवाज कमी आहे, पाती छोटी छोटी आहेत रुळावर. बोललेलं पलीकडे नीट ऐकू जातं. करू चालू?

(मशीन सुरू होतं. कोरी बाजू वर सरळ होते. मग पानं उचलून फळी खाली जाडीत लावली जाते.)

थोरला : हं. सोडतोय.

धाकटा : येऊ दे.

थोरला : धरली?

धाकटा : अजून कुठे? अजून आतच आहे. ढकल. डावीकडे घे.

थोरला : माझी डावी का तुझी?

धाकटा : भिंतीकडची रे. हां. आली.

थोरला : आली?

धाकटा : धरलीय मी. आता तुझ्याकडचं टोक उचल. उचल. दादा, उचल.

थोरला : उचललंय.

धाकटा : अजून थोडं. बस. अस्सं. निघाली.

थोरला : चावा घेतला?

धाकटा : नाही घेतला. हात फिरव. बघ.

थोरला : बाई, बंद करा.

बाई : केलं. काय म्हणते फळी?

थोरला : गुळगुळीत आहे. आरशासारखी नाही म्हणणार, पण खांद्याची सुट्टी झाली. हे दोन कोपरे राहिलेत मात्र. पीळ होता ना, तिथे पातं पोचलं नाही.

बाई : आणि मजकूर?

धाकटा : मधला सगळा गेला. गाळा, होकार, जन्मभर टिकतं, सगळा भुश्यात. ह्या कोपऱ्यात 'छोट्या' राहिलंय आणि त्या तिरक्या कोपऱ्यात 'दादा'.

थोरला : अजून एक हात मारला की तेही जाईल. कोपरे साफ होतील.

धाकटा : नको.

थोरला : अरे, मग जाडी सारखी कशी व्हायची? एवढं करून फळी अर्धवट ठेवायची?

धाकटा : असू दे अर्धवट. ही कामाला नाही घ्यायची.

थोरला : मग काय करायची?

धाकटा : डोंगरावर ठेव. पुढेमागे उपयोगी पडेल.

बाई : बरं मंडळी, माझी जेवायची वेळ झाली. कागद करू का? सुटी दोन, का जोडमशीन एक?

थोरला : बाई, ह्यांना वि—

बाई : मला मध्ये घेऊ नका. दुकानाचा नियम.

थोरला : छोट्या. एक?

धाकटा : एक. पण मी रंधत असताना माझं तोंड बघत बसायचं.

थोरला : बघीन. दोन महिने, चार दिवस बघितलं नाही, तेवढं भरून काढायला लागेल. आणि डोंगर गाळ्यात जाईल, पण रचणार मी.

धाकटा : तूच रच. मला त्यात हात घालायचाच नाही. पेन्सिलला मात्र टोक काढायचं.

थोरला : काढीन. आणि रेघ?

धाकटा : कापायच्या आधी विचारत जाईन.

बाई : दहा इंच रुंदीची फळी घेणारं हवं, की बारा?

थोरला, धाकटा : बारा.

बाई : चला, एका दमात झालं. मशीन परवा सकाळी येईल, चौघं जण उतरवून देतील. रुंदी छत्तीस इंच, बाजूची चाकं धरली तर अडतीस. तुमच्या कारखान्याचं दार केवढं आहे?

थोरला : एकोणचाळीस. चौकट आपलीच आहे, आखणी माझी.

धाकटा : अडतीसच्या आसपास आहे.

थोरला : एकोणचाळीस आखली होती मी. मला चांगलं आठवतंय.

धाकटा : आखली असशील. वरचं आडवं लाकूड मी कापलंय.

थोरला : म्हणजे तेव्हासुद्धा रेघ खाल्लीस?

धाकटा : तेव्हा मी तुझ्याकडेच शिकत होतो. ठेवूनच कापलं असणार.

थोरला : ठेवली असशील तर एकोणचाळीस.

धाकटा : रेघ केवढी जाड ओढली होतीस त्यावर आहे. एकोणचाळीस ते रेघ धरून की सोडून?

थोरला : धरून. रेघ कोणी सोडून मोजतं का?

धाकटा : मग अडतीस झालं ना. तेच मी सांगतोय.

थोरला : एका रेघेत इंच जातो होय रे?

धाकटा : तुझ्या जातो.

थोरला : चल घरी. टेप लावू. आत्ता.

बाई : हॅलो, आजी? मशीनच्या दुकानातून बोलतेय. हो, आहेत, माझ्या समोरच आहेत. घेतलं, एकच घेतलं. हो, बोलले. बोलले म्हणजे काय, आता थांबायचं नाव नाही. नाही हो, गोडबिड काही नाही, दाराच्या मापावरून जुंपलीय. माझ्यामार्फत? नाही आजी. एकमेकांशीच.